पोटातला कर्नल

कर्नल म्हटले की आपल्यासारख्या पांढरपेशांच्या डोळ्यांसमोर पिळदार मिशा, छातीवर रंगीत फिती आणि काखेत छडी असे काहीतरी उभे राहते. त्यामुळे जेवता जेवता घरातले चिरंजीव "आज मी कर्नल बदलला" असे म्हणाले, तर वाढणाऱ्या आईच्या हातातली पळी क्षणभर अधांतरी राहणे अगदी साहजिक आहे. हा कर्नल पलटणीतला नव्हे. इंग्रजीत दोन्ही शब्द कानाला सारखे आणि लिहायला निराळे. आपल्याला ज्याच्याविषयी बोलायचे आहे तो कर्नल म्हणजे बदामाचे टरफल फोडल्यावर हाती येणारा मगज. संगणकाच्या पोटातही असा एक मगज असतो, आणि लिनक्स हे नाव काटेकोरपणे पाहिले तर त्या मगजाचेच आहे. पडद्यावर दिसणारी चित्रे, खिडक्या, पत्र लिहायची सोय हे सारे त्यावरचे टरफल.

मगज करतो काय? एकत्र कुटुंबात न्हाणीघर एक आणि माणसे अकरा असत, तेव्हा कोणी आधी जायचे, कोणाला किती वेळ, बंब कोणी पेटवायचा, हे ठरवणाऱ्या एक मोठ्या काकू असत. त्यांच्याशिवाय सकाळ पार पडत नसे आणि त्या स्वयंपाकघरातून क्वचितच बाहेर दिसत. संगणकात प्रोसेसर थोडे आणि त्यावर हक्क सांगणारी कामे शेकड्यांनी. कोणाला किती क्षण, कोणाला किती स्मरणजागा, चकतीवर कोणी कधी लिहायचे, छपाईयंत्र, कॅमेरा, वाय-फाय यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, या सगळ्याचा बंदोबस्त कर्नल करतो. त्याने हात आखडला तर वरची सगळी मांडणी क्षणात निर्जीव होते.

बरे, ही पंचाईत सामान्य कुटुंबाने का करावी? कारण ती दाराशी येऊन ठेपली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची फुकट देखभाल थांबली. घरोघरचे पुष्कळसे चालते-फिरते लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांतली मेमरी ठीक, पडदा ठीक, कळफलकावरची दोनचार अक्षरे तेवढी पुसलेली. ते भंगारात द्यायचे जिवावर येते, आणि मग घरातला कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "त्यात लिनक्स घालून देतो, पैसे लागत नाहीत." पैसे लागत नाहीत हे खरे. पण कोणता कर्नल, तो बदलायचा केव्हा आणि जुना टाकायचा केव्हा, एवढे मात्र त्यापाठोपाठ घरात येते.

यावरून मला खुलताबाद आठवते. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबादचा घाट चढला की हे तालुक्याचे गाव लागते. बहुतेक मंडळी भद्रा मारुतीला नारळ देऊन वा औरंगजेबाची साधी कबर पाहून पुढे कैलास लेण्याकडे वळतात. त्याच गावात मलिक अंबरचीही कबर आहे. सन १६२६ मध्ये तो वारला. निजामशाहीचा हा हबशी वजीर लढवय्या तर होताच, पण त्याने खडकी वसवली आणि तिला पाणी मिळावे म्हणून नहर बांधली, नहर-ए-अंबरी. डोंगरातले झिरपते पाणी जमिनीखालच्या वाटेने गावात आणायचे, उतारावरच वाहू द्यायचे, आणि ठिकठिकाणी आत उतरून गाळ काढता येईल अशी तोंडे ठेवायची. पाणी भरणाऱ्या बाईला नहर कधी दिसत नसे. तिला हौद दिसे. खडकीची पुढे फतेहनगर झाली, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. वरचे नाव कितीदा पालटले तरी खालच्या पाण्याला त्याची खबर नसते. पाण्याला खबर असते ती गाळाची. कोणी तरी वेळोवेळी आत उतरावे लागते.

लिनक्सच्या कर्नलचेही बरेचसे असेच आहे, आणि त्याच्या आकड्यांची गोष्ट तर मोठी मासलेवाईक आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनुस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण हौसेखातर एक छोटी कार्यप्रणाली लिहीत आहोत असे जाहीर केले. (त्याच १९९१ साली पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला, एकमेकांची वार्ताही नसलेली ही दोन कामे पुढे एका वाटेला लागायची होती.) सप्टेंबरात ०.०१ ही आवृत्ती आली, मार्च १९९४ मध्ये १.० झाली. त्यानंतर बरीच वर्षे एक सोवळ्या-ओवळ्यासारखा नियम होता: मधला आकडा सम असेल तर कर्नल घरात वापरण्याजोगा, विषम असेल तर प्रयोगशाळेतला. २.४ घ्यावा, २.५ ला शिवू नये. डिसेंबर २००३ च्या २.६ नंतर हा नियम सुटला. जुलै २०११ मध्ये २.६ चा एकदम ३.० झाला, एप्रिल २०१५ मध्ये ४.०, मार्च २०१९ मध्ये ५.०, ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.०. एवढी मोठी उडी घेण्याजोगे त्यात काय क्रांतिकारक घडले होते? काही नाही. हातापायांची बोटे मोजायला अपुरी पडू लागली की मी पुढचा मोठा आकडा घेतो, अशा अर्थाची थट्टा टोरवाल्ड्सने स्वतःच केली आहे. तेव्हा ५ पेक्षा ६ हा कर्नल वीस टक्के चांगला असला पाहिजे, हा दुकानदारी हिशेब इथे चालत नाही.

चालतो तो वेगळाच हिशेब. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे जगभरातून आलेले बदल आत घ्यायचे, मग दार लावायचे आणि सातआठ आठवडे नुसत्या चुका शोधायच्या. एकेका आवृत्तीत दहा-पंधरा हजार बदल असतात आणि ते करणारी माणसे दोन हजारांच्या घरात. सगळ्या मजकुराच्या ओळी तीन कोटींहून अधिक झाल्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त निरनिराळ्या यंत्रभागांशी बोलण्यासाठी आहेत. तुमच्या घरातल्या लॅपटॉपला त्यांतला अगदी चिमूटभर भाग लागतो.

हे दहा आठवड्यांचे रहाट कोणत्याही गृहस्थाला झेपणारे नाही. म्हणून वर्षातली एक आवृत्ती, बहुधा शेवटची, बाजूला काढून तिला दीर्घायुषी ठरवतात. ५.१०, ५.१५, ६.१, ६.६, नोव्हेंबर २०२४ ची ६.१२, नोव्हेंबर २०२५ ची ६.१८, ही तशी आवृत्त्यांची घराणी. त्यांत नवे अलंकार घालायचे नाहीत; नव्या कर्नलमध्ये सापडलेल्या चुकांची दुरुस्ती तेवढी मागे आणून जोडायची. मग ६.१२ चा ६.१२.१, ६.१२.२ असा वंश वाढत जातो. म्हणजे आकड्यातला तिसरा भाग पाहावा: तो जितका मोठा तितकी त्या कर्नलची रफू जास्त झालेली, आणि रफू झालेले वस्त्र इथे नव्या कोऱ्यापेक्षा भरवशाचे. हे काम २००५ पासून चालू आहे आणि ग्रेग क्रोआ-हार्टमन हा गृहस्थ त्यात अगदी आरंभापासून आहे. दीर्घायुषी आवृत्तीची मुदत एके काळी सहा वर्षांपर्यंत नेली होती. २०२३ मध्ये ती सर्वसाधारणपणे दोन वर्षांवर आणायचे ठरले. इतक्या जुन्या आवृत्त्या वापरणारे थोडे आणि त्यांत उतरून गाळ काढणारे त्याहून थोडे. कोणी गरज दाखवली, हात लावला, तर एखादीची मुदत वाढतेही.

आता खुलताबादच्या एका घरातली हकिगत सांगतो. घर आमच्या मावसभावाचे. ते शाळेतून निवृत्त झालेले. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. वहिनी गल्लीतल्या बायकांचा बचत गट चालवतात आणि त्याचा जमाखर्च त्यांनी मोठ्या हौसेने वहीतून लॅपटॉपवर आणलेला. लॅपटॉप जुना. मुलगा संभाजीनगरला अभियांत्रिकी शिकतो, त्याने त्यात डेबियन १२ घालून दिले होते. वर्षभर कोणाची तक्रार नव्हती. एका शनिवारी दुपारी गटाच्या बारा बायका सतरंजीवर येऊन बसल्या, वहिनींनी यंत्र उघडले, आणि वाय-फायचे चिन्हच गायब! बँकेतला जमेचा आकडा पाहून हप्ते वाटायचे होते. एका बाईच्या मुलीची फी भरायची होती, तिला त्या दिवशी चार हजार हवे होते. आदल्या रात्री यंत्राने आपल्या आपण नवा कर्नल उतरवून घेतला होता आणि सकाळी तो जागा झाला होता.

अण्णांनी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "यंत्र पुन्हा सुरू करा. सुरुवातीला काळ्या पडद्यावर यादी येईल, तिच्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' अशी ओळ आहे. आत जा, आणि वरचा सोडून खालचा आकडा निवडा." तसे केले. जुना कर्नल उठला, वाय-फाय आले, हप्ते वाटले गेले, चहा झाला. एकंदर दहा मिनिटांचा खोळंबा. पण अण्णांनी त्याच संध्याकाळी फर्मान काढले की यापुढे या यंत्रात काहीही नवे उतरवायचे नाही. चालत्या गाडीची खीळ काढायची नाही. मुलगा रविवारी घरी आला तो उलट टोकाला: हा ६.१ जुनाट झाला, आपण मुळापासून सगळ्यात नवा कर्नल आणून बसवू. बापलेकांचा हा वाद दोन दिवस चालला आणि दोघांच्याही पदरात पुरावा होता. तो पाहण्यासारखा आहे.

आधी मुलाची बाजू. ऑक्टोबर २०१६ मध्ये कर्नलमधले एक भगदाड जाहीर झाले, त्याला लोकांनी 'डर्टी काऊ' असे नाव दिले. नाव विनोदी, काम गंभीर. यंत्रावरचा अगदी साधा वापरकर्ता त्यातून सर्वाधिकारी होऊ शकत होता. हा दोष २००७ च्या २.६.२२ पासून, म्हणजे नऊ वर्षे, आत बसून होता. त्याहून मौजेची गोष्ट अशी की टोरवाल्ड्सने तो अकरा वर्षांपूर्वी एकदा बुजवायचा प्रयत्न केला होता, पण ती दुरुस्ती दुसऱ्या एका प्रकारच्या यंत्रावर अडचणीची ठरली म्हणून काढून घ्यावी लागली होती. त्याने हे आपल्या दुरुस्तीच्या टिपणात स्वच्छ लिहून ठेवले. त्या दिवशी ज्यांनी "काही नवे उतरवायचे नाही" असे ठरवले होते, त्यांचे भगदाड तसेच उघडे राहिले.

आता अण्णांची बाजू. मार्च २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' जाहीर झाला. माक्स केलरमान या अभियंत्याला गिऱ्हाइकांच्या नोंदींच्या फायली मधूनच बिघडलेल्या सापडू लागल्या. दर वेळी बिघाड अगदी थोडा, फाईलच्या शेवटी. त्याने महिनोन्‌महिने धागा सोडला नाही आणि शेवटी तो कर्नलपर्यंत पोचला. दोष असा की ज्या फाईलवर लिहायची मुभा नाही तिच्यावरही लिहिता यावे. आणि हा दोष आला कुठून? २०२० च्या ५.८ पासून! ज्यांच्याकडे त्याआधीचा, नीट देखभालीतला कर्नल होता, त्यांच्या घरात हे भूत शिरलेच नव्हते. ज्यांनी हौसेने नवा घेतला होता त्यांच्याकडे शिरले. त्या वर्षीच्या काही नव्या कोऱ्या, महागड्या अँड्रॉइड फोनांतसुद्धा ते होते, कारण त्यांचा कर्नल ५.१० चा.

तिसरी गोष्ट मात्र दोघांनाही गप्प करणारी आहे, आणि ती नेमकी त्यांच्याच ६.१ घराण्यातली आहे. ९ डिसेंबर २०२३, शनिवार. डेबियनची मंडळी १२.३ ही सुधारित आवृत्ती बाहेर काढण्याच्या ऐन बेतात होती. तिच्यातला कर्नल ६.१.६४. आणि त्याच दिवशी लक्षात आले की हा कर्नल एक्स्ट-४ पद्धतीच्या चकतीवर एका विशिष्ट रीतीने लिहिताना मजकूर बिघडवू शकतो. एक्स्ट-४ म्हणजे काही आडवळणाची पद्धत नव्हे, बहुतेकांच्या घरी तीच असते. कारण फार बोधप्रद होते. नव्या कर्नलमधली एक दुरुस्ती मागे आणून ६.१ मध्ये जोडली होती, पण ती ज्या दुसऱ्या बदलाच्या आधारावर उभी होती तो बदल मागे आणायचा राहिला होता. विहिणीचा मान केला आणि व्याह्यांना बोलावणेच गेले नाही, म्हणजे मांडवात जे होते ते चकतीवर झाले. डेबियनने १२.३ तिथेच रोखली, लोकांना तूर्त नवे काही उतरवू नका असे बजावले, आणि दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, दुरुस्त कर्नल घालून थेट १२.४ काढली. १२.३ ची नवी चकती म्हणून कधी निघालीच नाही.

मला या प्रसंगात दोषापेक्षा तो रविवार महत्त्वाचा वाटतो. शनिवारी घंटा, रविवारी दुरुस्ती, आणि तेही पगार न घेणाऱ्या पुष्कळशा माणसांकडून. मुळापासून कर्नल आणून आपल्या हाताने बसवणाऱ्या मुलाला ही घंटा ऐकवणारे कोणी नसते. त्याने स्वतःच कान टवकारून बसायला हवे. म्हणून विद्यार्थ्याने शिकण्यासाठी कर्नल स्वतः बांधावा, अवश्य बांधावा, पण आईच्या बचत गटाच्या यंत्रावर नव्हे. तिथे डेबियन, उबुंटू किंवा तत्सम एखाद्या जबाबदार घराण्याने चाळून दिलेला कर्नलच घ्यावा. डेबियन १२ मध्ये ६.१, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६.१२. उबुंटू २४.०४ मध्ये ६.८ आहे. तो वरच्या दीर्घायुषी यादीत नाही, तरी त्याला उबुंटूवालेच वर्षानुवर्षे सांभाळतात. म्हणजे आकडा कोणता यापेक्षा त्याला सांभाळणारे कोण आणि कधीपर्यंत, हे विचारावे. भाड्याचे घर पाहताना आपण नळाला पाणी किती वाजता येते ते विचारतो, भिंतीचा रंग नंतर.

आणि मग त्या शनिवारी वाय-फाय का गेले? कर्नलचा त्यात दोष नव्हता. त्या लॅपटॉपच्या वाय-फायशी बोलणारा तुकडा कर्नलच्या आत नव्हता. तो बाहेरून आणून जोडलेला. असा बाहेरचा तुकडा दर नव्या कर्नलसाठी नव्याने जुळवावा लागतो. ते आपोआप होते, पण त्याला नव्या कर्नलचे माप लागते, शिंप्याला नव्या सदऱ्याचे लागते तसे. ही मापे 'हेडर्स' नावाच्या वेगळ्या पुडक्यात येतात. नवा कर्नल आला, पुडके आले नाही, शिंप्याचे हात थांबले. मुलाने ते पुडके कायमचे लावून दिले, तेव्हापासून दोन कर्नल येऊन गेले आणि वाय-फाय हलले नाही. नवा लॅपटॉप घेताना शक्य तर ज्याचे सगळे भाग कर्नलच्या आतल्याच तुकड्यांवर चालतात असा घ्यावा. पुढची दहा वर्षे शांत जातात.

अण्णांचे फर्मान शेवटी असे बदलले: नवा कर्नल यायचा, पण शनिवारी नाही. गटाची बैठक झाली की रात्री. यंत्राला वायर लावून, कारण खुलताबादेत पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे नावालाच. कर्नल उतरत असताना अंधार झाला तर अर्धवट लिहिलेली फाईल सकाळी उठत नाही. त्याआधी जमाखर्चाची प्रत पेनड्राइव्हवर. उतरून झाला की यंत्र पुन्हा सुरू करायचे, हे फार जण विसरतात. नवा कर्नल चकतीवर आला तरी जोवर यंत्र पुन्हा सुरू होत नाही तोवर जुनाच राज्य करतो. महिनामहिना झाकण मिटून ठेवणाऱ्या घरांत दुरुस्त कर्नल शेजारी बसलेला असतो आणि भगदाडाचा कर्नल काम करत असतो. सध्या कोणता चालू आहे ते पाहायला काळ्या खिडकीत 'यूनेम', मग एक जागा सोडून आडवी रेघ आणि 'आर' एवढे टाइप करावे. वहिनी आता ते न चुकता करतात आणि आकडा गटाच्या वहीच्या समासात लिहून ठेवतात.

जुना कर्नल टाकायचा केव्हा, याविषयी आपल्या घरांतल्या दोन्ही प्रवृत्ती इथेही दिसतात. एक माळ्यावरचे काहीच न टाकणारी. कर्नल ठेवायची जागा पुष्कळ यंत्रांत वेगळी आणि लहान आखलेली असते. प्रत्येक कर्नलमागे शंभरेक एमबी जाऊ शकतात. सात-आठ साठले की जागा भरते, नववा अर्धाच उतरतो, आणि काम अडते. दुसरी प्रवृत्ती दिवाळीच्या साफसफाईची. जागा हवी म्हणून चालू असलेला एक ठेवून बाकी सगळे पुसायचे. मग तो एक बिघडला की यादीत खालचा आकडाच नाही. खुलताबादच्या बायकांचे हप्ते वाटले गेले ते केवळ खालचा आकडा होता म्हणून. डेबियन आणि उबुंटूची 'ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा चालू कर्नल आणि ताजे कर्नल राखून उरलेले काढते. तिच्यावर सोपवावे, हाताने खुडू नये.

जुने यंत्र असले म्हणजे जुनाच कर्नल हवा, ही समजूतही तपासून घ्यावी. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या चौसष्ट-बिटी लॅपटॉपवर आजचा दीर्घायुषी कर्नल सुखाने चालतो. त्याहून जुन्या बत्तीस-बिटी यंत्रांचे दिवस मात्र भरत आले आहेत. डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी कर्नलही नाही आणि बसवण्याची चकतीही नाही. याला काही नवल नको. टोरवाल्ड्सने ज्या ३८६ जातीच्या यंत्रावर लिनक्स लिहिले, त्या ३८६ चा आधारच २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. उलट अगदी नवा लॅपटॉप असेल आणि त्याचा पडदा किंवा आवाज जुन्या कर्नलला ओळखता येत नसेल, तर नव्याकडे जाण्याला सबळ कारण आहे. उबुंटूत अशांसाठी त्याच प्रणालीवर नव्या कर्नलची वेगळी वाट ठेवलेली असते. काहीही अडत नसताना त्या वाटेला जाऊ नये.

मोठ्या कारखानदारीत हीच भांडणे मोठ्या आकड्यांनी होतात. पुण्यात ज्या रेड हॅट कंपनीची कचेरी आहे तिची २०१४ ची सातवी आवृत्ती ३.१० या कर्नलवर निघाली आणि जून २०२४ पर्यंत, दहा वर्षे, आकडा ३.१० च राहिला. आत मात्र हजारो दुरुस्त्या शिवल्या गेल्या. बाहेरून पाहणारा म्हणे केवढा जुनाट. आतून ते कधी जुने होऊच दिले नव्हते. वीजकेंद्रे, रेल्वे अशा जागी तर यंत्र एकदा बसले की तीस-तीस वर्षे हलत नाही. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म नावाने सीमेन्स, हिताची, तोशिबा वगैरे कंपन्या एकत्र आल्या आणि ४.४ हा कर्नल दहा वर्षे सांभाळायचे त्यांनी अंगावर घेतले. जगातले पहिले पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर २०२० च्या यादीत सी-डॅकचा पुण्यातला परम सिद्धी-एआय त्रेसष्टावा होता. आणि त्याच सी-डॅकची डेबियनवर बेतलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली, शाळांसाठीच्या एड्युबॉससह, मराठीसकट आपल्या भाषांत मिळते. तालुक्याच्या शाळेत जुनी यंत्रे पडून असतील तर मुख्याध्यापकांनी तिचा विचार करायला हरकत नाही. मात्र वर्षाकाठी दोन वेळा कर्नल पाहणारा एक शिक्षक आधी नेमावा, मग यंत्रे मांडावीत.

राहता राहिला खिशातला कर्नल. अँड्रॉइड फोन हातात असलेल्या प्रत्येकाच्या खिशात लिनक्स आहे, आणि तिथे निवड आपली नाही. ती फोन बनवणाराची. त्याने दुरुस्ती पाठवायचे थांबवले की फोन चकचकीत असला तरी आतला गाळ काढायला कोणी उतरत नाही. तीन-चार वर्षांत हात झटकणे ही फार वर्षांची रीत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस-२४ ला सात वर्षांची हमी दिली, ती महागड्या फोनांपुरती. स्वस्त फोनांत किती ते दुकानात विचारून घ्यावे लागते, आणि दुकानदार बहुधा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगू लागतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'फोनविषयी' या सदरात सुरक्षा-दुरुस्तीची तारीख लिहिलेली असते, तिथेच आसपास कर्नलचा आकडाही सापडतो. खुलताबादेत वहिनींनी गटातल्या बाराही जणींचे फोन एका बैठकीत तपासले. पाच फोनांत ती तारीख दोन वर्षांहून जुनी निघाली. त्या पाचांपैकी तिघींनी बँकेचे व्यवहार आता लॅपटॉपवरून करायचे ठरवले आहे, शनिवारी, पाळीपाळीने.